प्राणिगृह नावाची सवत

काल सकाळी मी तुमच्या त्या घराच्या दारापर्यंत गेले आणि पाय धुवायच्या हौदापासूनच परत फिरले.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तेरावं झालं, पाहुणे पांगले. नागपूरहून कॉलेजची माणसं आली होती, ती अंगणात खुर्च्यांवर बसून तुमच्याबद्दल बोलली. विद्यापीठाच्या प्राणिगृहाला तुम्ही नवं रूप दिलंत, औषधं तपासणाऱ्यांना निरोगी जनावरं दिलीत, बुलढाण्याचं नाव साऱ्या प्रांतात नेलंत, असं म्हणाली. मी दाराआड बसून ऐकत होते. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण मला आपला रागच येत होता. ज्या प्राणिगृहाला मी इतकी वर्षं मनात सवत म्हणत आले, ती तुमच्या तेराव्यालाही माझ्या पुढे जाऊन बसली. माझं नाव कुणी घेतलं नाही. तिचं मात्र सगळ्यांनी घेतलं.

हेवा वाटतो असं बायका चारचौघीत म्हणत नाहीत. मी म्हणते. मला तिचा हेवा वाटायचा आणि अजून वाटतो. तुम्ही गेलात म्हणून तो कमी झालेला नाही. उलट आता भांडायला तुम्ही नाही, त्यामुळे तो सगळा माझ्याकडेच राहिला आहे. म्हणून हे लिहायला बसले. मराठी शाळेत शिकले त्याचा आज उपयोग करते आहे.

नागपूरला होतो तेव्हा ती इतकी तोऱ्यात नव्हती. कॉलेजच्या मागे पत्र्याची एक खोली, खाली मातीची जमीन, बांबूच्या टोपल्यांत कोंबलेले ससे, पांढरे उंदीर आणि ते बिनशेपटीचे गिनीपिग. गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईला घेऊन आलेला माणूस त्या खोलीवर नेमला गेला, तर मला तुमची दयाच आली होती. उन्हाळ्यात पत्रा तापला की तुम्ही पाण्याच्या बादल्या घेऊन धावायचात आणि संध्याकाळी ताटावर बसून मेलेल्यांची नावं घ्यावीत तसं सांगायचात. मी ऐकून घ्यायचे. मला काय माहीत, की मी माझ्याच हातानं सवतीला वाढते आहे?

मग तुम्ही हट्ट धरलात. जनावरं वाढवायची ती बुलढाण्याला, घाटावरच्या थंड हवेत, आणि लागतील तशी मलकापूर स्टेशनातून रेल्वेनं नागपूरला धाडायची. वरिष्ठ हसले. तुम्ही हसू दिलंत आणि आपलं म्हणणं रेटत राहिलात. शेवटी इथला घोड्यांचा जुना तबेला तुम्हाला मिळाला. मला आनंद झाला होता हो. तुमचं धामणगाव बढे घाटाखाली हाकेवर, माझं संग्रामपूर जरा लांब असलं तरी आपल्याच मुलखात. मला वाटलं, नवरा घरी आला.

घरी कुठला? तुम्ही तबेल्यात गेलात.

तिथली जमीन खोदून फरशी बसवलीत, तीही अशी उताराची की पाणी टाकलं की आपोआप नालीला लागावं. भिंतींना चुना, उत्तरेला उंच खिडक्या, त्यांना बारीक जाळी. टोपल्या गेल्या आणि तारेचे पिंजरे आले. आपण दुधाच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, तसे पिंजऱ्यांचे पाय तुम्ही वाट्यांत ठेवलेत. ती युक्ती माझ्या स्वयंपाकघरातून गेली, हे तरी कबूल करा. प्यायच्या पाण्यात जनावरं पाय बुडवतात म्हणून उलट्या टांगलेल्या बाटल्या आणि काचेच्या नळ्या आल्या. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आले. आणि माझ्या स्वयंपाकघरात धूर जायला साधी खिडकी नव्हती.

ती खिडकी आठवते? मी मागे लागून लागून गवंडी आणवला होता. त्यानं भिंतीतले दोन दगड काढले आणि तेवढ्यात तुमच्याकडची नाली तुंबली. तुम्ही त्याला थापी-ओळंब्यासकट उचलून घेऊन गेलात. तो पावसाळा संपेपर्यंत परत आला नाही. सबंध पावसाळा त्या भोकात मी गोणपाट कोंबून स्वयंपाक केला. सशांना वारा हवा, उंदरांना उजेड हवा, आणि बायकोला काय, ती डोळे पुसत भाकरी थापेल. मी तुम्हाला तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "अवं, तुले डोये पुसता येते. त्याइले येते का?"

आणि तुमचे ते नियम. बाहेरून नवीन जनावर आलं की त्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, दुरून दाणापाणी द्यायचं, कुणी शिवायचं नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या बाहेर बसण्यासारखंच झालं, आमच्याकडूनच शिकलात वाटतं. तुम्ही हसलात. पण पुढचा नियम माझ्याच मुळावर आला. ज्यानं त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही जनावराला हात लावला असेल, त्यानं आत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हौदावर पाय धुऊन, आतल्या वेगळ्या वहाणा घालून यायचं. तुमच्या गड्यांपैकी कुणी घरी गाय-बकरी ठेवायची नाही, अशी अटच होती. आणि आपल्या घरी ढवळी होती.

माझी गाय, माहेरून आलेली. तिची धार मी काढायचे, शेण मी काढायचे, वासराला मी सोडायचे. म्हणजे वर्षाचा एकही दिवस असा नाही की मी तुमच्या त्या घरात यायच्या लायकीची. मी किती वेळा म्हटलं असेल, "मले एकदा आत न्या. पाहू तं द्या, काय हाये तिथं एवढं." तुमचं उत्तर ठरलेलं. "गाय सोड, मंग ये." दुपारी तुमचा डबा घेऊन मी कुंपणापर्यंत यायचे. सुपडा, तुमचा सगळ्यात जुना गडी, बाहेर येऊन डबा घ्यायचा. आतून चिवचिवल्यासारखे आवाज यायचे, फिनेलचा वास यायचा, आणि तुमचं डोकं खिडकीतून जाताना दिसायचं. एवढंच मला दिसलं.

पोळ्यालासुद्धा तुम्ही धामणगावला जायचा नाहीत. बैलांना हात लागेल आणि दुसरा दिवस जाईल म्हणून. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा पोळ्याला आपल्या बैलांपुढे उभा राहत नाही, हे तुमच्या भावाला इतकं लागलं होतं. "तो काय साहेब झाला का बे? बैलाचा बी इटाळ होते त्याले?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी तुमची बाजू घेतली. घरी येऊन तुमच्याशी भांडले, पण तिथं बाजू घेतली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या तापाचं बोलू. ते सर्वांत जुनं दुखणं आहे.

मला थंडी वाजून ताप भरला होता आणि उतरत नव्हता. सुपडाची बायको येऊन पेज करून द्यायची, ढवळीची धारही तीच काढायची. तुम्ही संध्याकाळी यायचात, आंघोळ करायचात आणि उंबऱ्यावर बसायचात. आत नाही. मी म्हटलं, "अहो, जवळ तं या." तुम्ही म्हणालात, "तुह्या तापाचं कारण समजलं नाही अजून. माह्या हातानं तिकडं गेला तं सारे पिंजरे रिकामे होतील." मी भिंतीकडे तोंड केलं. "मंग तिकडंच जाऊन राहा," म्हटलं. त्या दिवशी मला त्या उंदरांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कुणाचा वाटला नाही. त्यांना ताप आला असता तर तुम्ही मांडीवर घेऊन बसला असतात.

मग सुपडाची बायकोही तापानं पडली. ढवळी हंबरायला लागली. बराच वेळ मी ऐकत पडले होते. आणि मग बादलीत धार पडल्याचा आवाज आला. धार तुम्ही काढत होतात. दूध तापवून, पेला घेऊन तुम्ही आत आलात, थेट माझ्या खाटेवर बसलात आणि माझ्या कपाळावर हात ठेवलात. "आता गाईले हात लागलाच हाये," तुम्ही म्हणालात. "आज काही तिकडं जाता येत नाही. बसतो इथंच." हाताला दुधाचा वास होता. ताप उतरेपर्यंत तुम्ही रोज धार काढलीत आणि रोज माझ्यापाशी बसलात. तिकडे सगळं सुपडानं पाहिलं, आपल्या घरी न जाता तिथंच राहून.

म्हणून मी ढवळी सोडली नाही. तुम्हाला वाटत असेल बाई हट्टी आहे. हट्टी आहेच. पण त्या घरात साऱ्या जगाच्या विरुद्ध तुम्ही नियम उभे केले होते आणि माझ्या बाजूनं फक्त एक गाय होती.

पुढे मी तिचा उपयोगही करून घेतला. सण असला, पाहुणे यायचे असले, किंवा उगीच तुम्ही घरात असावंसं वाटलं, की मी सकाळीच म्हणायचे, "अहो, ढवळीले गोचीड झाली वाटते, जरा पाहा बरं." गुरांचा डॉक्टर घरात असताना मी दुसऱ्या कुणाला कशाला बोलावू? तुम्ही गोठ्यात जायचात, तिच्या मानेखालून हात फिरवायचात आणि तुमचा तो दिवस माझा व्हायचा. एकदा तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "काऊन वं, तुह्या गाईले रविवारीच कशी गोचीड होते?" मी तोंडाला पदर लावला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही गोठ्यात जात होतात. एवढ्यासाठी मी तुमची फार ऋणी आहे हो. हेही तोंडावर कधी सांगितलं नाही.

एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. पिंजरे मोटारीत भरून राजूर घाटातून मलकापूरला निघायचे, त्या दिवशी तुम्ही जेवायचा नाहीत. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मोटारीमागे चालत जायचात. माझ्यासाठी कधी असे उपाशी राहिलात का, हे मला विचारायचं असायचं. विचारलं मात्र वेगळंच. "एवढा जीव लावता आन् सुईखाली धाडता. मंग जीवच काऊन लावता?" तुम्ही म्हणालात, "रोगट जनावर धाडलं तं त्याचं मरण फुकट जाते. औषधाचं खरं-खोटं काहीच समजत नाही. चांगलं धाडलं तं कोन्या लेकराच्या कामी येते. त्याच्यासाठीच तं सारा खटाटोप." मी म्हटलं, "आन् त्या मुक्या जीवाले त्याचं काय?" तुम्ही हात धुवायला उठलात. आपल्याला लेकरू नाही. कुणाच्या लेकराच्या कामी येण्याचं तुम्हाला इतकं का होतं, ते मला कळत होतं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत आणि आता देणारही नाही.

मग तुम्ही पडलात. पोटातलं दुखणं. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हाच मला कळलं. तुम्ही सुपडाला बोलावून सांगितलंत, की आजारी माणसानं आत यायचं नाही हा नियम साहेबालाही आहे. आणि खाट ओसरीवर घालायला लावलीत. तिथून तबेल्याची कौलं दिसतात. इतक्या वर्षांनी तुम्ही दिवसरात्र माझ्याजवळ होतात. मी पाय चेपायचे, पाणी पाजायचे, आणि देवा शपथ सांगते, दुःखाच्या तळाशी मला थोडं बरंही वाटत होतं. अखेर जिंकले होते मी. पण तुमचं तोंड तिकडेच. कूस बदलून दिली तरी थोड्या वेळानं मान पुन्हा कौलांकडे.

अशाच एका दुपारी तुम्ही म्हणालात, "अवं, गा ना जरा. दळतानाचं."

बुलढाण्यात गिरणी होती तरी मी पहाटे जात्यावर दळायचे. गळ्यात येईल ती ओवी म्हणायचे. तुम्ही झोपलेले असायचात, निदान मला तसं वाटायचं. माझ्या गाण्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नव्हता. आणि आता भर दुपारी गा म्हणता? तेही तिकडे तोंड करून? मी म्हटलं, "दळन नाही तं ओवी कायची? दिवसाउजेडी कोनी गाते का?" तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा मागितलं नाहीत.

काल नवे साहेब मला बोलवायला आले. नागपूरचे आहेत, तरुण आहेत, मनानं चांगले. म्हणाले, "वहिनी, एकदा येऊन बघा ना सगळं. आता तुम्हाला कोण अडवणार?" मी निघाले. हौदापाशी पोचले, तर साहेबांनी दार धरून ठेवलेलं, पायात बाहेरच्याच वहाणा. "या, या. पाय धुवायचं राहू द्या." मी थांबले. म्हटलं, "मी सकाळी गाईची धार काढली आहे." ते हसले. "काही होत नाही हो, दोन मिनिटांचं तर काम." मी म्हटलं, "मला नाही होत. आतल्या जनावरांना होतं. आणि तुमच्या वहाणा आधी काढा." तो बिचारा लाल झाला. मी परत फिरले. वाटेत माझं मलाच हसू आलं आणि रडूही. साऱ्या जन्मात मला आत घ्या म्हणून भांडले, आणि दार उघडलं तेव्हा तुमच्या नियमाची राखण करून घरी आले.

आज धार शेजारणीनं काढली. मी ढवळीकडे पाहिलंसुद्धा नाही, ती हंबरत राहिली. डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले, हौदावर पाय धुतले, आतल्या वेगळ्या वहाणा घातल्या. सुपडा दारापाशी होता. त्यानं कडीला हात घातला, पण कडी काढली नाही. आधी गळा साफ केला आणि हलक्या आवाजात गायला लागला.

वारा घाट चढून आला, टेकला माह्या दारी,
सांग सांग बाप्पा वाऱ्या, पिलं माही हायेत बरी?

माझी ओवी. इथं आल्यावर पहिल्या वर्षी, संग्रामपूरच्या आठवणीनं मी जुळवलेली. फक्त माझ्या ओवीत 'माय माही हाये बरी' आहे. माय काढून तिथं पिलं कुणी घातली?

"सुपडा, हे तुले कोनं शिकवलं?"

"साहेबानंच, बाई. एकदम दार उघडलं तं हे दचकते. गाभण माद्या पिलं टाकते. म्हून आधी बाहेरून गायाचं, मंग कडी काढायाची. पह्यलेपासून हेच गानं हाये. आमी साऱ्याइनं हेच म्हनायाचं, दुसरं नाही. साहेब सोता म्हनत तं आतलं एकूण एक जनावर कान टवकारे."

तुम्ही गायचात? घरच्या आरतीलाही ज्यानं कधी तोंड उघडलं नाही, तो माणूस माझी ओवी गात दारं उघडत होता? म्हणजे पहाटे तुम्ही झोपलेले नसायचात. मी इतकी वर्षं कुंपणाबाहेर डबा घेऊन उभी, आणि माझी ओवी रोज आत जात होती, आंघोळ न करता, पाय न धुता. मला माझ्याच ओवीचा हेवा वाटला.

आत सगळं तुम्ही सांगायचात तसंच आहे. खिडक्यांतून गार वारा, ओळीनं पिंजरे, फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. शेवटी आणखी एक दार आहे, नुकत्याच व्यालेल्या माद्यांच्या खोलीचं. सुपडा तिथं गळा साफ करायला लागला. मी म्हटलं, "थांब. मी म्हनतो."

आणि गायले. जातं नाही, दळण नाही, बाहेर लख्ख ऊन. माझ्या शब्दांनी गायले, माय म्हणूनच. सुपडानं कडी काढली. एक गिनीपिग तोंडात लसूणघासाची काडी धरून बसली होती, पोटाशी पिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काडी चावत राहिली. एकही दचकलं नाही.

मी तिथं उभी राहून रडले. मग पुन्हा गायले. सुपडा दुसरीकडे तोंड करून उभा होता.

ढवळी मी सोडणार नाही, हे सांगून ठेवते. पण रविवारी तिची धार शेजारीण काढेल आणि मी तिकडे जाईन. तुम्ही त्या दुपारी 'गा ना' म्हणालात ते माझा आवाज ऐकायला, की त्या जनावरांच्या दाराशी आहोत असं वाटावं म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. राहू दे. तुम्ही मागितलीत तेव्हा तुम्हाला दिली नाही ती ओवी आज भर उजेडात मी त्यांना देऊन आले. इतकी वर्षं मी जळले. आता तुमची पाळी.